कोट, खंदक आणि आपल्या मागची भिंत

स्मरणिकेच्या समितीतली मुलं (मुलं म्हणजे चाळिशीतली, पण मला मुलंच) गेल्या महिन्यात घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही इतिहासाचं काहीतरी लिहा. दोन-तीन पानं. फार जड नको." मी म्हटलं, सोसायटीचा इतिहास लिहू का? तर म्हणाले, तो अध्यक्षांच्या मनोगतात येणारच आहे. मग मी मुंबईच्या कोटाचा विषय काढला. ठाण्यातल्या सोसायटीच्या स्मरणिकेत मुंबईचा कोट कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण वयाचा मान राखून ते गप्प बसले. कशाला, ते शेवटी सांगतो. तोवर थोडं सहन करा.

या विषयाचं मला लागलेलं वेड नोकरीतलं आहे. १९७६ साली माझी बदली फोर्टातल्या शाखेत झाली. पत्ता होता बाजारगेट स्ट्रीट. रोज सकाळी ठाण्याहून गाडी पकडायची, व्हीटीला उतरायचं आणि चालत शाखेत जायचं. महिनाभरात मनात आलं, की या बाजारगेटात गेट कुठे आहे? चर्चगेटला उतरलं तर तिथेही गेट नाही. 'फोर्ट' म्हणतात, तर किल्ला दिसत नाही. आमच्या शाखेत एक वृद्ध पारशी गृहस्थ दर महिन्याच्या पाच तारखेला पेन्शन काढायला येत. त्यांना विचारलं, तर ते मला हाताला धरून दाराबाहेर घेऊन गेले आणि व्हीटीच्या बाजूला काठी दाखवून म्हणाले, "दीकरा, रोज तू त्या गेटमधूनच येते. तुला दिसत नाय एटलूच." त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी तो न दिसणारा किल्ला शोधायला लागलो. पुढे निवृत्तीनंतर पुस्तकं वाचली. त्यातलं जे पक्कं आहे तेवढंच इथे देतो.

वाड्यापासून कोटापर्यंत

मुंबई इंग्रजांकडे आली ती लग्नाच्या व्यवहारात, हे आपण शाळेत शिकलो. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या विवाहाच्या तहात हे बेट इंग्रजांना मिळालं. प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ उजाडलं. राजाला या बेटाचा खर्च परवडेना, म्हणून १६६८ साली त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वार्षिक दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. आजच्या मुंबईत तेवढ्या पैशात गाडी लावायला जागा मिळणार नाही.

तेव्हा इथे कोट नव्हता. समुद्रकाठी एक जुना पोर्तुगीज वाडा होता. गार्सिया दा ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य त्यात राहत असे. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. या वाड्याभोवती इंग्रजांनी तटबंदी केली आणि तोच 'बॉम्बे कॅसल' झाला. पण कॅसल म्हणजे फक्त गव्हर्नरचा गड. भोवती वाढणारं गाव उघडंच होतं.

१६६९ ते १६७७ या काळात गव्हर्नर असलेल्या जेराल्ड ऑन्जियरला हे गाव मोठं करायचं होतं. व्यापारी यावेत, प्रत्येक जातीधर्माच्या लोकांना आपापल्या रीतीने राहता यावं, अशी त्याची धोरणं होती. त्याने गावाभोवती भिंत घालण्याचीही योजना केली. पण लंडनच्या संचालकांची खर्चाला तयारी नव्हती. ज्यांनी कुठल्याही मुख्य कार्यालयाला खर्चाचा प्रस्ताव पाठवला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

त्या नकाराची किंमत १६८९ साली कळली. कंपनीने मोगलांशी भांडण उकरून काढलं होतं. त्यात औरंगजेबाच्या बाजूने जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मुंबईवर चालून आला आणि शिवडीला उतरला. माझगाव, माहीम, सगळं त्याच्या हातात गेलं. इंग्रज कॅसलमध्ये कोंडले गेले ते वर्षाहून अधिक काळ. शेवटी औरंगजेबाकडे माफी मागून आणि दीड लाख रुपये दंड भरून १६९० च्या जूनमध्ये त्यांची सुटका झाली. सिद्दी गेला, पण मागे उद्ध्वस्त बेट ठेवून गेला. जे कॅसलच्या आत होते ते वाचले. बाहेरच्यांचं काय झालं ते कुणी फारसं लिहून ठेवलेलं नाही.

तीन दरवाजे

तरीही भिंत व्हायला आणखी पंचवीस वर्षं गेली. १७१५ च्या अखेरीला चार्ल्स बून गव्हर्नर होऊन आला. त्या वेळी समुद्रावर सत्ता होती कान्होजी आंग्र्यांची. त्यांचं दस्तक घेतल्याशिवाय कोकण किनाऱ्यावर जहाज हाकारणं म्हणजे जहाजावर पाणी सोडणं. खांदेरीचं बेट मुंबई बंदराच्या तोंडाशीच, आणि ते आंग्र्यांकडे. बूनने दोन गोष्टी केल्या. लढाऊ जहाजं बांधायला घेतली आणि गावाभोवती दगडी तट घातला. जहाजांचा उपयोग झाला नाही. १७१८ साली खांदेरीवर आणि १७२१ साली पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर केलेल्या दोन्ही स्वाऱ्या फसल्या. तट मात्र उभा राहिला.

या तटाला जमिनीच्या बाजूने तीन मोठे दरवाजे होते. दक्षिणेला अपोलो गेट. पश्चिमेला चर्चगेट. उत्तरेला बाजारगेट. चर्चगेट हे नाव सेंट थॉमस चर्चमुळे पडलं. त्याचा पाया ऑन्जियरने घातला आणि ते अर्धवट पडून राहिलं. शेवटी बूनच्याच काळात, १७१८ च्या नाताळात, ते उघडलं. त्या चर्चकडून येणारा रस्ता ज्या दरवाजाला मिळे तो चर्चगेट. आज जिथे फ्लोरा फाउंटन आहे, साधारण तिथे तो होता. चर्चगेट स्टेशन त्याच्याही बाहेर, बरंच पुढे. म्हणजे पश्चिम रेल्वेवाले रोज ज्या 'चर्चगेट'ला उतरतात, ते कोटाच्या बाहेरच उतरतात.

कोटाचा आकार किती? अपोलो गेटपासून बाजारगेटपर्यंत मैलभराहून थोडा जास्त आणि रुंदी जिथे सगळ्यात अधिक तिथे पाव मैल. मी हे अंतर जेवणाच्या सुट्टीत कितीदा चाललो आहे. भरभर चाललं तर डबा खाऊन परत काउंटरवर वेळेत येता येतं. एवढ्याशा जागेत गव्हर्नर, गोदी, टांकसाळ, वखारी, देवळं, अग्याऱ्या, मशिदी आणि हजारो माणसं. १८१३ च्या गणतीत कोटात १०,८०१ लोक भरले, आणि त्यातले जवळजवळ निम्मे पारशी. चर्चगेटच्या रस्त्याच्या दक्षिणेला मुख्यतः साहेब लोक, उत्तरेला बाजाराच्या बाजूला आपले लोक. म्हणजे भिंतीच्या आतही एक न बांधलेली भिंत होतीच.

दरवाजे सकाळी उघडत आणि रात्री बंद होत. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

वसईचा धसका

मराठी माणसाच्या दृष्टीने या भिंतीचं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण १७३९ चं. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि साष्टी बेटावर आपलं निशाण लावलं. तेव्हाचा ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. बाहेरच्यांनी आत येऊ नये म्हणून बांधलेली भिंत आता आतल्यांनी बाहेर जाऊ नये म्हणून वापरतात! पुढे चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी काय केलं? पंधरा हजार रुपये कर्ज दिलं, पण तारण ठेवून घेतलं. चर्चमधली चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा. शेजारी बुडतोय, आणि त्याच्या तोफा तारण म्हणून आपल्या तिजोरीत! मी आयुष्यभर तारणं तपासली, पण असं कर्जप्रकरण पाहिलं नाही.

मे १७३९ मध्ये वसई पडली आणि मुंबईची झोप उडाली. माहीमच्या खाडीपलीकडे वांद्रे मराठ्यांकडे, कुर्ला मराठ्यांकडे. शीव ही खरोखरची शीव झाली. आपल्यापैकी जे अजून रोज लोकलने जातात त्यांना सांगतो, कुर्ला सोडून शीवला पोचताना तुम्ही मराठ्यांच्या मुलखातून इंग्रजांच्या हद्दीत शिरता. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं आणि साष्टी घेईपर्यंत ही सरहद्द होती.

घाबरलेल्या इंग्रजांनी दोन्ही हातांनी उपाय केले. एका हाताने कॅप्टन इंचबर्डला चिमाजी अप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डनला साताऱ्याला शाहू महाराजांच्या दरबारी पाठवलं. जुलैमध्ये मराठ्यांशी तह झाला. दुसऱ्या हाताने कोटाभोवती खंदक खणायला घेतला. या खंदकासाठी कोटातल्या हिंदी व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी दिली. हा आकडा मला फार बोलका वाटतो. व्यापारी उगाच पैसा देत नाही. आपली पेढी या भिंतीच्या आत सुरक्षित आहे, ती तशीच राहावी, एवढाच त्याचा हिशेब. खंदक १७४३ मध्ये पुरा झाला.

आता गंमत ऐका. आंग्र्यांच्या भीतीने बांधलेल्या आणि पेशव्यांच्या भीतीने खंदक खणलेल्या या भिंतीवर शत्रूने कधी हल्ला केलाच नाही. आंग्रे आले नाहीत, मराठे आले नाहीत, पुढे फ्रेंचांची धास्ती होती, तेही आले नाहीत. मग पैसा फुकट गेला का? मला तसं वाटत नाही. माझ्या शाखेतल्या स्ट्रॉंग रूमचं दार दीड फूट जाडीचं होतं. माझ्या काळात ते फोडायला एकही चोर आला नाही. पण ते दार तिथे होतं म्हणून लोक ठेवी घेऊन येत होते. कोटाने तेच केलं. सुरतेचा व्यापार ढासळत होता, तेव्हा तिथले पारशी, वाणी, बोहरी कुटुंबकबिल्यासह इथे आले. जहाजं बांधणारे वाडिया आले. भिंतीने लढाई केली नाही. तिने पत निर्माण केली.

मैदानं कुठून आली

तटाबाहेर झाडं-घरं असली तर शत्रूला आडोसा मिळतो. म्हणून कोटाबाहेरची माडांची वाडी तोडली, घरं पाडली आणि तोफेला समोर मोकळं रान मिळेल अशी जागा करून ठेवली. हे एकदम नाही, टप्प्याटप्प्याने झालं. त्या मोकळ्या जागेला एस्प्लनेड म्हणत. तिथे पक्कं बांधकाम करायला बंदी होती. साहेब लोक उन्हाळ्यात तिथे तात्पुरत्या झोपड्या-तंबू ठोकून हवा खात आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते उचलावे लागत.

आज मुंबईत ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही मैदानं आहेत ती त्या एस्प्लनेडचे तुकडे. ज्या जागेवर तोफगोळे पडायचे होते तिथे शंभर-शंभर क्रिकेटचे डाव एकाच वेळी चालतात आणि कुणाचा चेंडू कुणाकडे जातो ते परमेश्वरालाच ठाऊक. बिल्डरला मोकळी जागा दिसत नसलेल्या या शहरात एवढी मैदानं उरली, ती कोणा उद्यानप्रेमी माणसामुळे नाही. भीतीमुळे उरली. इतिहासात असं होतं.

पण ज्यांची घरं आणि माड गेले त्यांनी तेव्हा काय म्हटलं असेल, तेही मनात येतं.

भिंत अडचण होते

१७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटाच्या उत्तर भागातल्या बाजारात आग लागली. दाटीवाटीची वस्ती, लाकडी घरं. कोटाचा जवळपास तिसरा हिस्सा जळाला. आग पसरू नये म्हणून सैन्याने तोफा लावून आपल्याच गावातली घरं पाडली. म्हणजे या कोटातल्या तोफांनी घरं पाडली ती स्वतःच्याच रहिवाशांची. आगीनंतर सरकारला वाटत होतं की लोकांनी बाहेर मोकळ्यावर जावं. पुष्कळ गेले आणि बाहेरची वस्ती वाढली. पण अनेक व्यापाऱ्यांनी हट्टाने आतच पुन्हा घरं उभी केली. भिंतीच्या आतली जागा सोडवत नाही, मग ती कितीही कोंदट असो.

१८१८ साली पेशवाई संपली. ज्यांच्या भीतीने खंदक खणला तेच राहिले नाहीत. तरी भिंत पुढे चाळीसहून अधिक वर्षं उभी होती. खंदकातलं पाणी साचून कुजत होतं, त्यात घाण जात होती, दुर्गंधी आणि ताप पसरत होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली. गाडी ठाण्याहून तासाभरात येते आणि समोर कोटाचा अरुंद दरवाजा! बैलगाड्या, बग्ग्या, हमाल, सगळ्यांची तिथे कोंडी. वर्तमानपत्रं ओरडत होती, डॉक्टर ओरडत होते.

१८६२ साली बार्टल फ्रिअर गव्हर्नर म्हणून आला आणि त्याने तट पाडायचा निर्णय अमलात आणला. वेळ नेमकी होती. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस बंद झाला होता, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत पैशाचा पूर लोटला होता. तट पाडला, खंदक बुजवला आणि त्या जागेवर नवं शहर बसवलं. १८६५ साली युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, बँका बुडाल्या. पण शहराचा कायापालट झालेला होता. सचिवालयाची जुनी इमारत, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय ही ओव्हलसमोरची सगळी रांग पुढच्या दहा-पंधरा वर्षांत उभी राहिली. २०१८ साली युनेस्कोने ज्या इमारतींना जागतिक वारसा म्हटलं त्यात ही रांग आहे. योगायोग असा, की गोविंद नारायण माडगावकर यांचं 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ सालचं. म्हणजे मराठीत मुंबईचं पहिलं सविस्तर वर्णन छापून झालं, तेव्हाच कोट जात होता.

काय उरलं

नावं उरली. बाजारगेट स्ट्रीटला आता पेरीन नरिमन स्ट्रीट म्हणतात, पण जुनी माणसं बाजारगेटच म्हणतात. काळा घोड्याजवळच्या रॅम्पार्ट रोचं नाव आता के. दुभाष मार्ग आहे. रॅम्पार्ट म्हणजे तट. भिंतीचा खरा तुकडा पाहायचा असेल तर सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या मागे, पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूला जा. उत्तर टोकाला इंग्रजांनी १७६९ च्या सुमारास फोर्ट जॉर्ज बांधला, त्याच्या तटाचा काळ्या दगडाचा अवशेष तिथे आहे. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं कार्यालय तिथेच आहे. १९८० च्या सुमारास आमचा एक सहकारी त्या रुग्णालयात होता. त्याला भेटून परतताना तो तट मी पहिल्यांदा पाहिला. वर पिंपळ, खाली वाळत घातलेले कपडे. हात लावून आलो.

आणि मूळ कॅसल? तो नौदलाच्या ताब्यात आहे. आंग्र्यांच्या भीतीने ज्या गावाला तट घातला, त्याच्या ऐन गाभ्यात असलेल्या या नौदल तळाचं नाव आहे 'आयएनएस आंग्रे'. कान्होजींना आत यायला अडीचशे वर्षं लागली, पण आले ते मालक म्हणून.

चर्चगेटची जागा म्हणजे आजचा हुतात्मा चौक. जिथे रात्री दरवाजा बंद करून गावाला बाहेर ठेवत, तिथेच संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचं स्मारक आहे. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

आता आपली भिंत

मंडळी, आता मूळ मुद्दा.

आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली तेव्हा मागच्या बाजूला अर्धवट भिंत होती आणि चाळीकडे जायला एक फट होती. त्या फटीतून कामाच्या बाया येत, पेपरवाला येई, आपली मुलं पलीकडच्या मैदानात जात. २००२ साली बी विंगमध्ये चोरी झाली. मी तेव्हा सचिव होतो. भिंत सात फूट करावी, फट बुजवावी आणि उंदीर-साप येतात म्हणून पाणी जायची खालची भोकंही सिमेंटने बंद करावीत, ही सूचना माझी. परिपत्रक माझ्या अक्षरात आहे. सर्वसाधारण सभेत ते एकमताने मंजूर झालं. चोर चाळीतला होता असं कुणी म्हटलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. माझ्याही होतं. पुढे चोर सापडला, त्याचा चाळीशी काही संबंध नव्हता. ते आपण सूचना फलकावर लावलं नाही.

२६ जुलै २००५. त्या दिवसाबद्दल सांगायला नको. संध्याकाळी आपल्या आवारात पाणी चढू लागलं आणि उतरेना. उतरणार कुठून? नाल्याकडे जाणारा उतार मागे, आणि मागे माझी सात फुटांची भिंत, भोकं बंद. रात्री नऊला तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. ए विंगमधल्या आजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांना खुर्चीवर बसवून जिन्याने वर नेलं. मीटरच्या खोलीत पाणी शिरत होतं.

साडेनऊच्या सुमारास पलीकडून ठोके ऐकू आले. चाळीतली आठ-दहा माणसं पहारी घेऊन भिंत फोडत होती, नेमकी जुन्या फटीच्या जागी. त्यांच्यातल्या एकाने ओरडून सांगितलं, "साहेब, बाजूला व्हा, पाणी जोरात जाईल." गेलं. त्यांच्या गल्लीतून नाल्याकडे गेलं. जाताना त्यांच्याच दोन घरांत शिरलं. हे होणार हे त्यांना भिंत फोडण्याआधी माहीत होतं. तो उतार त्यांचा रोजचा.

सोसायटीच्या इतिवृत्तात त्या रात्रीबद्दल एक ओळ आहे: 'अतिवृष्टीमुळे मागील संरक्षक भिंतीचा काही भाग कोसळला.' ती ओळ मी लिहिली. भिंत कोसळली नव्हती. ती फोडली गेली होती, आपल्याला वाचवण्यासाठी, आणि ती फोडावी लागली याला कारण माझी सूचना होती. हे लिहायला मला तेव्हा लाज वाटली. वीस वर्षं ती चुकीची नोंद वहीत आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासणाऱ्या माणसाने केलेली ही खोटी नोंद. आज या स्मरणिकेत मी ती दुरुस्त करतो आहे.

त्या जागी आपण नंतर लहान लोखंडी दार बसवलं, ते आज आहे. ज्येष्ठांना बसथांब्याला पाच मिनिटांत पोचवणारं दार. येत्या सर्वसाधारण सभेत ते कायमचं बंद करून भिंत सलग करण्याचा प्रस्ताव आहे. मांडणाऱ्या तरुण सभासदांचं म्हणणं खोटं नाही. सायकली गेल्या आहेत, कोण येतं-जातं कळत नाही, पहारेकरी एकच. भिंत नको असं मी म्हणत नाही. भिंत हवी. मुंबईसुद्धा भिंतीशिवाय मोठी झाली नसती.

पण कोटाला तीन दरवाजे होते आणि ते दिवसभर उघडे असत. रात्री बंद होत. तेवढं आपल्याला पुरेल: सकाळी सहाला उघडावं, रात्री दहाला कुलूप लावावं, हवं तर कॅमेरा बसवावा, आणि खालची भोकं कुणीही, कुठल्याही कारणाने, सिमेंटने बुजवू नयेत. ही माझी सूचना समजा. २००२ साली मी दिलेली सूचना एकमताने मंजूर झाली होती. ही बहुमताने झाली तरी चालेल.

आणि रौप्यमहोत्सवाच्या जेवणाचं आमंत्रण त्या दारातून पलीकडे जावं, अशी विनंती. कमिटीने खर्चाचा प्रश्न काढला तर दहा पानांचे पैसे माझ्याकडून घ्यावेत. पावती नको.